संपाच्या मंडपातले टाके

पांढुर्णा जिल्हा झाला आणि आम्हाला इतिहास लागला. तोवर आम्ही तहसील होतो, आणि तहसिलीला इतिहास नसला तरी कुणाचं अडत नाही. जिल्ह्याला मात्र कलेक्टर लागतो, एसपी लागतो, मोठं फाटक लागतं, आणि आमच्या प्रांतिक परिचारिका संघटनेच्या मते जिल्हा शाखेचा दोन पानी इतिहासही लागतो. फोटोसकट.

भोपाळहून फोन आला. प्रांतिक सचिव मॅडम होत्या; वयानं माझ्या मुलीएवढ्या, आवाजानं माझ्या सासूएवढ्या. "दीदी, स्मारिका निकल रही है। आपकी शाखा का गौरवशाली इतिहास चाहिए। दो पेज, पंद्रह दिन में।"

मी म्हटलं, "गौरवशाली नहीं हुआ तो?"

त्या हसल्या. "आप लिखिए तो सही, गौरवशाली हम कर लेंगे।"

मलाच का, हे विचारायची गरज नव्हती. माझं अक्षर चांगलं आहे. सरकारी नोकरीत अक्षर चांगलं असणं ही जन्मठेप आहे. बदलीचा अर्ज, सीएमओ साहेबांना निवेदन, कुणाच्या निरोपाचं मानपत्र, काहीही असो, "दे तिच्याकडं" हे ठरलेलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, गुडघे गेले, केस गेले, पण अक्षर काही बिघडायचं नाव घेत नाही. त्यामुळं संघटनेचं लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टरही माझ्याच घरी आहे, धान्याच्या कोठीमागं.

ते काढलं. झटकलं. वाचायला बसले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्याच अक्षरात एकच गोष्ट लिहिलेली होती: बैठक झाली, सर्वांनी विचार मांडले, चहानंतर बैठक संपली. कोणते विचार, कोणी मांडले, का मांडले, ह्याचा पत्ता नाही. दोन ठिकाणी चहासोबत चिवडा होता असं मात्र आवर्जून नोंदलेलं आहे. फोटो पाहावेत तर प्रत्येक फोटोत आम्ही कुणाला तरी हार घालतो आहोत आणि त्या कुणाच्या तरी डोक्यामागं आमचे चेहरे गेलेले आहेत.

मग मागच्या वेळची स्मारिका शोधली, निदान प्रांताचा इतिहास कसा लिहितात ते तरी कळावं म्हणून. सुरुवात 'सेवा, समर्पण और संघर्ष' अशी, म्हणजे पहिल्या ओळीतच जांभई. पण पुढं एक गोष्ट होती ती मला पटली. फार पूर्वी कुठल्याशा मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात एकच खुर्ची होती, आणि ती डॉक्टरांची. डॉक्टर अर्धा तास यायचे. उरलेले साडेतेवीस तास खुर्ची रिकामी, आणि सिस्टर तिच्या शेजारी उभ्या. एक दिवस एक वयस्कर सिस्टर त्या खुर्चीत बसली. तिच्यावर कारवाई झाली आणि कारवाईच्या विरोधात संघटना झाली. खरं-खोटं देव जाणे, पण माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी तशीच एक खुर्ची होती, म्हणून मी ह्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते.

पुढं संघटना टोपीसाठी लढली. आधी टोपी मिळावी म्हणून, मग टोपी जावी म्हणून. खळ घातलेली ती पांढरी टोपी डोक्यावर पिनांनी टोचून बसवायची आणि पेशंटवर वाकलं की ती आधी पेशंटच्या नाकाला लागायची. त्यानंतर नावासाठी लढाई झाली. आम्ही सिस्टर होतो, स्टाफ नर्स झालो, आता नर्सिंग ऑफिसर आहोत. बेडपॅन तेच आहे. आणि ह्या सगळ्या काळात ज्ञापनं, म्हणजे मागण्यांची निवेदनं. मंत्री बदलायचे, ज्ञापन तेच. वरची तारीख तेवढी मी बदलायची.

हसते मी ह्या सगळ्याला, पण खोटं बोलत नाही. ज्या दिवशी भरल्या वॉर्डात एका साहेबानं माझ्या अंगावर फाईल फेकली होती, त्या दिवशी नवरा, भाऊ, दीर कुणी आलं नाही. संघटनेच्या चार बाया आल्या आणि फाईल त्याच्याच हातानं उचलायला लावली. तेवढ्यासाठी मी तिची सगळी भाषणं ऐकायला तयार आहे.

तर त्या स्मारिकेच्या शेवटी शाखांची यादी होती. त्यात 'पांढुर्णा-सौंसर शाखा, संस्थापक अध्यक्षा' असं छापलेलं आणि पुढं माझं नाव. मी संस्थापक नाही. मी दुसरी अध्यक्षा. दुसऱ्याच्या डब्यावर आपलं नाव कोरून घ्यावं तसं ते नाव तिथं बसलेलं होतं, आणि ते तिथं कसं आलं हे मला चांगलं ठाऊक होतं.

खऱ्या संस्थापकाला आम्ही मोठ्या सिस्टर म्हणायचो. एक तर त्या वयानं मोठ्या होत्या, आणि त्यांचं खरं नाव घ्यायची कुणाची टाप नव्हती. उंचीला माझ्या खांद्याला लागायच्या. सासर सौंसरजवळ बोरगावला, घरचा संत्र्याचा बगीचा, खाऊन-पिऊन सुखी घर. नोकरी करायची गरज नव्हती, असं सासरे सगळ्यांना सांगायचे. गरज मला आहे, असं त्या सासऱ्यांना सांगायच्या. आमच्या शाखेची स्थापना त्यांनी केली ती एका कुलपामुळं. सिस्टरांच्या बाथरूमला कुलूप असे आणि किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. दवाखाना कुठला ते सांगत नाही. त्या काळी सगळे सारखेच होते. किल्ली मागायला गेलं की तो गडी वर पाहून विचारायचा, "कायले?" मोठ्या सिस्टरनी अकरा जणींना गोळा केलं, सलाईनच्या स्टँडनं कुलूप तोडलं आणि तुटलेलं कुलूप त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ह्याच्यासाठी." त्या संध्याकाळी शाखा स्थापन झाली. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: सर्वांनी विचार मांडले.

टाके घालायला मला त्यांनीच शिकवलं. नियमानं टाके डॉक्टरांनी घालायचे असतात. पण नियम करणाऱ्यांनी गोटमार पाहिलेली नसते.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या गावातून जाम नदी जाते. अलीकडं पांढुर्णा, पलीकडं सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात. इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवली होती अशी कथा सांगतात. लग्न एकाचं झालं, टाके दरवर्षी दुसऱ्यांना. कलेक्टर येतात, बंदी येते, एकदा तर दगडांऐवजी रबरी चेंडू आले. लोकांनी चेंडू घरी नेले आणि दगड मारले. बाकी मुलखात सिस्टरांची सुटी दिवाळीला रद्द होत असेल. आमची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द होते, आणि त्यावर आजवर कुणी ज्ञापन दिलेलं नाही.

मोठ्या सिस्टरांचे नियम साधे होते. "पेशंट बोंबलला तं बोंबलू दे. चूप झाला का मले बोलाव." आणि दुसरा, "हे डोस्कं आहे, गोधडी नोको समजू." पहिल्या वर्षी सुईत धागा ओवायलाच मला इतका वेळ लागला की समोरचा गडीच मला धीर देत होता. "करा बाई लवकर, तिकडे झेंडा पडून राहिला!" टाके झाले की तो उठून पुन्हा नदीकडं पळाला. दोन तासांनी परत आला. आता उजवीकडं.

आणि मग ते वर्ष आलं. मागण्या जुन्याच होत्या, धुलाई भत्त्यापासून सगळ्या. भोपाळनं बेमुदत संप पुकारला आणि सुरू करायची तारीख ठरवली ती नेमकी गोटमारीची.

मोठ्या सिस्टर मला घेऊन एसटीडी बूथवर गेल्या. माझं हिंदी बरं म्हणून फोन माझ्या हातात दिला. तेव्हाच्या सचिव मॅडम पलीकडं होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, उस दिन हमारे यहाँ गोटमार है।"

"वो क्या होता है?"

"पत्थर मारते हैं।"

"कौन मारते हैं?"

"सब।"

"किसको?"

"सबको।"

मग त्या म्हणाल्या, "तो पुलिस में रिपोर्ट कीजिए।"

मी म्हटलं, "पुलिस भी वहीं रहती है।"

त्यावर त्यांनी तारीख प्रांतिक कार्यकारिणीनं ठरवली असल्याचं आणि शिस्त ही संघटनेचा प्राण असल्याचं सांगून फोन ठेवला.

ड्यूटी रूममध्ये आम्ही बाराजणी बसलो. कुणी म्हणालं, संपात जाऊ नये, गाव शिव्या देईल. कुणी म्हणालं, नाही गेलो तर भोपाळ शिव्या देईल. मोठ्या सिस्टर सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "संपही करू आन टाकेही मारू. देवानं दोन हात कायले देल्ले?"

"मोठ्या सिस्टर, असं असते काय कुठी?"

"आपल्याकडे असते," त्या म्हणाल्या. झालं. ठरलं.

दवाखान्याच्या फाटकाच्या बाहेर मंडप टाकला. मंडपवाल्याकडं कुणाच्या तरी मोडलेल्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, गुलाबी झालरींचा मंडप पडून होता, तोच मिळाला. त्यावर माझ्या अक्षरातला फलक, 'अनिश्चितकालीन हड़ताल'. खाली दोन खाटा, एक टेबल, स्टोव्हवर उकळत ठेवलेली हत्यारं. सुया, धागा, भूल द्यायची औषधं एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पिशवीत घालून फाटकाशी आणून ठेवली आणि "मी काही ठेवलं नाही" असं म्हणून निघून गेले. मोठ्या सिस्टरांचा हुकूम असा: फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही, आणि फाटकाच्या बाहेर हात थांबवायचा नाही.

अकराच्या सुमाराला रीघ लागली. आम्ही दंडाला काळ्या फिती बांधलेल्या. एका आडव्या झालेल्या गड्याच्या कपाळाला मी टाका घालत होते, तोच मोठ्या सिस्टर गरजल्या, "हमारी मांगें!" सवयीनं माझी मूठ वर जायला लागली, आणि मुठीत सुई, आणि सुईत त्याचं कपाळ. "हात नोको वं!" त्या ओरडल्या, "नुसतं तोंड!" तेवढ्यात खाटेवरच्या गड्यानंच दणदणीत आवाजात उत्तर दिलं, "पूरी करो!" पाठोपाठ रांगेतले सगळे फुटके ओरडले. सावरगावचेही, पांढुर्ण्याचेही, एका सुरात. असं गोटमारीला आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

टाका पुरा झाल्यावर त्या गड्यानं विचारलं, "मांगें कायच्या आहेत वं बाई?"

"धुलाई भत्ता वाढवा म्हणतो."

"म्हंजे?"

"कपडे धुवायचे पैसे."

त्यानं माझ्या पांढऱ्या साडीकडं पाहिलं. पदरापासून निऱ्यांपर्यंत त्याचंच रक्त होतं. "वाढवालेच पायजे," तो गंभीरपणे म्हणाला आणि नदीकडं गेला.

मी नोकरीत फारसे सुखाचे दिवस मोजत नाही, पण तो एक होता. दिवेलागणीपर्यंत आम्ही टाके घातले, घोषणा दिल्या, आणि एकही माणूस टाक्याविना परत गेला नाही. मोठ्या सिस्टर शेवटी खाटेवर बसल्या, हातांकडं पाहत म्हणाल्या, "पाह्य, दोन्ही झालं ना." त्यांच्या तोंडावर असा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गुलाबी झालर, वर 'हड़ताल', खाली टाके. आणि पुढच्या आठवड्यात एकाच पोस्टमननं दोन पत्रं दिली. एक वरच्या कार्यालयाचं: संवेदनशील दिवशी संप केल्याबद्दल खुलासा करा. दुसरं संघटनेचं: संप मोडल्याबद्दल खुलासा करा. दोन्हींवर जावक क्रमांक होता, म्हणजे दोन्ही खरी.

इथून पुढं हसू येत नाही.

संप मिटला. तडजोड अशी झाली की संघटनेच्या यादीत नावं असतील त्यांचे संपाचे दिवस माफ, बाकीच्यांच्या सेवेत खंड. सेवेत खंड म्हणजे पाटी कोरी. मागची सगळी वर्षं पाण्यात. भोपाळनं निरोप पाठवला: तुमची शाखा यादीत घेऊ, पण अध्यक्षांना काढा आणि आम्हाला फसवलं गेलं असं लिहून द्या. मला पाचवा महिना होता. नवऱ्याची नोकरी खाजगी शाळेतली, आज आहे उद्या नाही. बाकीच्यांचीही अशीच काहीतरी कारणं होती, आणि सगळी खरी होती.

मोठ्या सिस्टर संत्र्याच्या कामासाठी रजा घेऊन बोरगावला गेल्या होत्या, त्या दुपारी आम्ही बैठक घेतली. मुद्दाम त्याच दुपारी. ठराव मी लिहिला. 'मंडप का निर्णय अकेली अध्यक्षा का था। हम सब गुमराह हो गई थीं।' गुमराह हा शब्द कुणी सांगितला नव्हता. मला सुचला, आणि सुचला तेव्हा चांगला सुचला असं वाटलं. पहिली सही माझी, खाली बाकी दहा. मग चहा केला. रजिस्टरमध्ये नोंद आहे.

अकराजणींचे दिवस माफ झाले. खंड एकट्या मोठ्या सिस्टरांच्या सेवेत पडला आणि यादीतून नाव गेलं. गावांना कागद वाचायचा कंटाळा असतो, ती स्वतःच मजकूर तयार करतात. महिनाभरात सौंसरच्या बसमध्ये मी कानांनी ऐकलं. मागच्या सीटवरची बाई सांगत होती, "बोरगावची ते सिस्टर नाही काय, तिनं दवाया इकल्या म्हणे. म्हणून काढलं युनियनमधून." मी मागं वळून बोलले नाही. माझा स्टॉप यायला अर्धा तास होता आणि मी अर्धा तास खिडकीबाहेर पाहत राहिले.

माझं बाळंतपण आलं तेव्हा ड्यूटीवर मोठ्या सिस्टरच होत्या. मुलगी त्यांच्याच हातात आली. ठरावाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि मी स्वतःला पटवलं की त्यांच्यापर्यंत नक्कल पोचलीच नसेल. पुढं अध्यक्षपद माझ्याकडं आलं, कारण कुणाला नको होतं आणि माझं अक्षर चांगलं होतं.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "यादीत माझं नाव बसते काय, पाह्य बरं. अध्यक्ष नोको. सदस्य म्हनूनही चालते. उद्या घरी सून येईन. लोकं तिले सांगतीन, तुह्या सासूनं दवाया इकल्या. कागद असला तं दाखवता येते."

मी म्हटलं, "पाहते."

सरकारी खात्यात 'पाहते'चा अर्थ काय होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्या मान हलवून गेल्या. मी पाहिलं नाही. त्यांचं नाव आत घ्यायचं तर ते बाहेर कुणी काढलं हे सांगावं लागलं असतं. एवढं साधं कारण आहे. पुढं दोन-तीनदा लग्नाकार्यात भेटल्या, पोरीची चौकशी केली, यादीचं पुन्हा काढलं नाही. लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून मी बोरगावच्या वाटेलाच जाणं सोडलं.

तर आता इतिहास. चार दिवस मी 'सेवा आणि समर्पण' लिहायचा प्रयत्न केला आणि चार कागद चुलीत घातले. पाचव्या दिवशी सगळं लिहिलं. कुलूप, मंडप, फोन, ठराव, शब्द कुणाचा, पहिली सही कुणाची, सगळं. दोन पानांची पाच झाली. फोटो काढून भोपाळला पाठवले. संध्याकाळी सचिव मॅडमचा फोन.

"दीदी, बहुत भावुक लिखा है। पर वो हड़ताल वाला हिस्सा थोड़ा विवादित है। और आप खुद को क्यों फँसा रही हैं? हम हटा देते हैं।"

"फिर बचेगा क्या?"

"बाथरूम वाला भी थोड़ा... स्मारिका मंत्री जी के हाथ में जाएगी न।"

म्हणजे चहा आणि चिवडा. मी इतकी चिडले की फोन ठेवायच्या आधी काय बोलले ते आठवत नाही. नवरा म्हणतो, नाही आठवत तेच बरं. दुसऱ्या दिवशी पाच पानं पर्समध्ये घातली आणि सौंसरची बस धरली. तिथून बोरगावला ऑटोनं.

अंगणात संत्र्यांचा ढीग होता आणि चार-पाच बाया माल निवडत बसल्या होत्या. मोठ्या सिस्टर ओसरीवर खाटेवर. अजून लहान झालेल्या. सुनेनं मला खुर्ची दिली आणि पाणी आणायला आत गेली.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "कोन वं? तू काय? गुडघे गेले वाटते तुहे."

"गेले."

"बरं झालं. बस."

मी कशासाठी आले ते सांगितलं. त्या म्हणाल्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं पण बारीक दिसत नाही, तू वाच. मी आवाज खाली ठेवून वाचायला सुरुवात केली, आतल्या सुनेला ऐकू जाणार नाही एवढा. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. ठरावापाशी आले आणि आवाज आणखी खाली नेला. तरी वाचलं: शब्द माझा होता, अक्षर माझं होतं, पहिली सही माझी होती.

"मालूम आहे," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. "नक्कल मले त्याच आठवड्यात भेटली. अक्षर वळखू येत नाही काय मले? रोज रातच्या रिपोर्टात पाहत होती मी."

"म्हणजे माझ्या बाळंतपणाच्या वेळी..."

"हाव. म्हनून तं दोन टाके जास्तीचे मारले."

मी हसले आणि मग रडायला लागले, दोन्ही एकदमच. म्हटलं, "मोठ्या सिस्टर, माझं चुकलं. तेव्हाही, आणि तुम्ही नाव मागितलं तेव्हाही."

त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही. अंगणातल्या बायांचं हसणं ऐकू येत होतं. मग मी सांगून टाकलं की भोपाळवाले हे छापणार नाहीत.

त्यांनी डोळे उघडले. "भोपाळले कोन जाऊन राहिलं आता? मले काय मंत्र्यानं वाचून पायजे?" आणि आत पाहून हाक मारली, "सूनबाई, येनं बाहेर. आन त्या बायायलेही बोलाव. माल राहू दे जरासा."

सून पदराला हात पुसत आली. बाया येऊन ओसरीच्या पायऱ्यांवर बसल्या. शेजारची एक म्हातारीही काय झालं म्हणून कुंपणापाशी उभी राहिली. मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "उभी राह्य. पयल्यापासून वाच. जोरात."

मी उभी राहिले आणि वाचलं. कुलपाला बाया खुदखुदल्या. मंडपातल्या धुलाई भत्त्याला तर कुंपणावरची म्हातारीही हसली. एक बाई म्हणाली, "माह्या बापालेही त्याच मंडपात टाके लागले होते बाप्पा." सून हसत नव्हती. ती सासूकडं पाहत होती, पहिल्यांदाच पाहावं तशी. मी ठरावापर्यंत आले. गुमराह वाचलं. पुढची ओळ समोर होती, आणि मी पान खाली केलं.

"थांबली कायले?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "सही कोनाची, वाच."

मी माझं नाव वाचलं. मोठ्या सिस्टर माझ्याकडं पाहतही नव्हत्या. सुनेचा हात धरून तिला विचारत होत्या, "आयकलं ना वं? आयकलं ना तू?"